किल्ल्यातला वीस वर्षांचा रुग्ण

नगरचा भुईकोट किल्ला म्हटले की बहुतेकांना 1942 साल आठवते. पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तेव्हा इथे स्थानबद्ध होते. त्याआधी सुमारे साठ वर्षे याच किल्ल्यात आणखी एक व्यक्ती बंदिस्त होती. तिच्यावर कोणताही गुन्हा नव्हता. सरकारच्या लेखी ती रुग्ण होती. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा 25 डिसेंबर 1883 रोजी याच किल्ल्यात मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते.

त्यांचा जन्म 1863 चा. मूळ नाव नारायणराव भोसले. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना नोव्हेंबर 1870 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. त्यांना मुलगा नव्हता. म्हणून 1871 मध्ये नारायणरावांना दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आले. गादी आठ वर्षांच्या मुलाची आणि कारभार इंग्रज अधिकारी व दिवाणांचा, अशी व्यवस्था सुरू झाली. मुलाचे शिक्षण, दिनक्रम आणि सोबतची माणसे, सगळे दुसरेच ठरवत.

महाराज वयात येत असतानाच त्यांचे मन ठीक नसल्याची चर्चा सुरू झाली. पुढे सरकारने डॉक्टरांच्या अभिप्रायावरून त्यांना वेडे ठरवले. कारभारासाठी कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्याकडे रीजन्सीची सूत्रे गेली. महाराजांना कोल्हापुरातून दूर नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले.

हे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले ते ‘केसरी’ आणि ‘मराठा’मुळे. महाराजांचा छळ होत आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असे आरोप या पत्रांनी केले. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे हे लिहिले होते ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना 1882 च्या जुलैमध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. या सगळ्यात महाराज मात्र किल्ल्यातच राहिले.

पुढच्याच वर्षी नाताळच्या दिवशी, देखरेखीसाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. मृत्यूचे कारण प्लीहा फुटणे असे सांगितले गेले. प्लीहा, म्हणजे पानथरी, डाव्या बरगड्यांखाली असते. तिच्यात रक्त भरपूर असते. मलेरियाने ती वाढली असेल तर साध्या आघातानेही फुटते आणि पोटातच रक्तस्राव होतो. म्हणजे प्लीहा फुटली हे कारण मान्य केले, तरी आघात झालाच नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

महाराजांना खरेच मानसिक आजार होता का? एकशे चाळीस वर्षांनंतर निदान करण्याच्या फंदात मी पडणार नाही. त्या वेळचा वादही याच प्रश्नावर अडकला. एक बाजू वेडे म्हणे, दुसरी शहाणे म्हणे. पण समजा, ते गंभीर आजारी होते, तर त्यांना संरक्षणाची गरज कमी होती की जास्त? ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी विचारायला हवे होते. निदान कुणी केले? दुसऱ्या डॉक्टरांचे मत काय? किती दिवस ठेवणार? अंगाला हात लावण्याचा अधिकार कुणाला?

इंग्रजी मुलखात 1858 पासून यासाठी कायदे होते. मालमत्तेसाठी एखाद्याला वेडा ठरवायचे असेल तर दिवाणी न्यायालयात चौकशी होई, आणि त्या व्यक्तीला नोटीस द्यावी लागे. संस्थानच्या राजाबाबत मात्र सरकारनेच निर्णय घेतला, सरकारनेच पहारा नेमला आणि कारभारही सरकारच्याच नजरेखाली राहिला. त्यावर बाहेरून लक्ष ठेवणारे कुणी नव्हते.

आजचा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे आणि तो मे 2018 पासून लागू आहे. राजकीय किंवा सामाजिक स्थितीवरून कुणालाही मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. निदान झाले म्हणून माणूस आपोआप कायद्याने वेडा ठरत नाही. ते सक्षम न्यायालयच ठरवते. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवा. ही मुदत 30 दिवसांची. दाखल केल्याची माहिती पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत, महिला किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत द्यावी लागते. मंडळाचे अध्यक्ष न्यायाधीश असतात, आणि सदस्यांत मानसिक आजार अनुभवलेली व्यक्ती किंवा रुग्णांची काळजी घेणाऱ्या व्यक्तीही असू शकतात. रुग्णाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

बांधून ठेवण्याबाबत कायदा अधिक कडक आहे. साखळदंडाला पूर्ण बंदी, एकांत कोठडीलाही बंदी. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच रुग्णाला आवरता येते, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण नोंदवून आणि वैद्यकीय देखरेखीखाली. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून नाही. रुग्णाच्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवावे लागते. यातली एक अट जरी 1883 मध्ये असती, तरी एकट्या शिपायाच्या हाती एक तरुण रुग्ण सोपवला गेला नसता.

तरी हे संरक्षण मुख्यतः रुग्णालये आणि मानसिक आरोग्य संस्थांपुरते आहे. घराच्या मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेला मुलगा, किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजी, ज्यांचा अंगठा बँकेच्या कागदावर कुणीतरी उमटवून घेतो, त्यांच्यापर्यंत मंडळ सहसा पोहोचत नाही. घरच्यांचा हेतू अनेकदा वाईट नसतो, ते थकलेले असतात. त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात यावे. कायदेशीर अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. आणि आपण स्वतः आज शुद्धीत आहोत तोवर दोन कामे करून ठेवावीत: पुढे आजारी पडलो तर उपचार कसे हवेत आणि कसे नकोत हे लिहून ठेवावे, आणि आपल्या वतीने बोलेल असा प्रतिनिधी नेमावा. कायदा दोन्हीची सोय देतो. चौथ्या शिवाजी महाराजांना अशी व्यक्ती निवडण्याची संधी कधीच मिळाली नाही.