दूर राहून जोपासलेला स्नेह : कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

प्रस्तुत महोत्सवी स्मरणिकेत एका नाटककाराचे चरित्र पाहून काही वाचक बंधुभगिनींस नवल वाटेल. कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे ख्रिस्ती नव्हते. तथापि ते आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात राहिले आणि दूरच्या स्नेह्यांच्या गायनकार्यास हातभार कसा लावावा, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखविले. म्हणून त्यांचे स्मरण येथे करणे आम्हांस उचित वाटते.

कोल्हटकरांचा जन्म 29 जून 1871 रोजी नागपूर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून 1891 साली ते पदवीधर झाले व 1897 साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. पुढे अकोला, खामगाव व जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली. जळगाव-जामोद हा सातपुड्याच्या पायथ्याचा गाव. तेथवर रेल्वे आजही पोहोचलेली नाही. संगीत नाटकाचे माहेर मात्र पुणे-मुंबईकडे.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली निवर्तले. त्यांच्या पश्चात मंडळीस नव्या नाटकांची निकड होती. कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ 1896 साली, म्हणजे ते वकील होण्यापूर्वीच, मंडळीने रंगभूमीवर आणिले. त्यामागून ‘मूकनायक’, ‘मतिविकार’ आदी नाटके आली. साकी-दिंडीच्या जुन्या वळणास सोडून त्यांनी पारशी रंगभूमीवरील चटकदार चाली मराठीत आणिल्या. चाल आधीच ठरलेली; तिच्या मात्रांत शब्द नेमका बसवावयाचा, हे काम किती जिकिरीचे असते, ते आमच्या गायकवृंदास ठाऊकच आहे. वकिलीचा व्याप सांभाळून कोल्हटकर हे करीत राहिले. 1905 साली मंडळीत आलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या कंठातून ही पदे महाराष्ट्रभर गेली.

याच मंडळीत राम गणेश गडकरी हे तरुण लेखक होते. कोल्हटकरांहून ते चौदा वर्षांनी लहान. कोल्हटकरांस ते गुरू मानीत. पुढे शिष्याची कीर्ती गुरूहून मोठी झाली, तरी गुरूचे ऋण त्यांनी कधी नाकारिले नाही. 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, गडकरी वारले. त्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाची पदे त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली, व त्याच वर्षी ते नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणिले. एकाचे कार्य दुसऱ्याने पुरे करावे, हीच स्नेहाची खूण होय.

कोल्हटकरांची कथानके क्लिष्ट, त्यांत कोट्यांची गर्दी फार, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. त्यांची नाटके आज क्वचितच रंगतात. परंतु त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने पुढचे संगीत नाटक चालले. 1927 साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस लाभले. 1 जून 1934 रोजी ते दिवंगत झाले.

संत पौल बंदिवासात असता फिलिप्पैच्या मंडळीने दुरून त्यांची गरज भागविली. ते त्यांनी उपकारबुद्धीने स्मरले. आमच्या धर्मग्रामातील कित्येक कंठ, व पेटीवर फिरणारे कित्येक हात, आज पोटापाण्यासाठी पुणे-मुंबईस गेले आहेत. रविवारच्या मिस्सेत त्यांची उणीव आम्हांस जाणवते. त्या काळी जिल्ह्यातील एका वकिलाचे शब्द तिकडच्या गायकांच्या मुखी गेले. आता तिकडून आमच्या मुलांनी एखादी चाल, एखादे गीत, निदान खुशालीचे पत्र इकडे धाडावे. अंतराने स्नेह तुटत नाही; विसराने तुटतो. प्रभू त्या सर्वांस सुखी ठेवो, हीच या महोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना.