कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी मागून मिळवावी लागली, हे आपल्या ज्ञातीच्या मुलाबाळांस ठाऊक असावे, म्हणून हे अल्पचरित्र आम्ही सादर करीत आहोत. कै. लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला. ते जोतीरावांचे सत्यशोधक अनुयायी. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी मुंबईत चालविले.

१८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनकडे धाडला. अर्जाने काम भागेना, तेव्हा २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. दोन स्त्री-कामगारही बोलल्या! १० जून रोजी मालकांनी रविवार मान्य केला. त्यांच्या संघास वर्गणी नव्हती, लिखित नियम नव्हते. सबब काही अभ्यासक त्यास कामगार संघटना मानीत नाहीत. हा आक्षेप आम्हांस कोता वाटतो. आपण त्यांची तसबीर ज्ञातिबंधू म्हणून लावतो खरे, परंतु गिरणीतील मजूर नाना जातींचे होते, आणि लोखंडे त्या सर्वांचे पुढारी होते.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करीत असता, त्याच रोगाने त्यांचे देहावसान झाले.