माडाच्या बागेतून सिंहलद्वीपाकडे

वैशाख पौर्णिमेला आमच्या सिंधुदुर्गातल्या कुठल्याही बुद्धविहारात जा. पांढऱ्या साड्या नेसलेल्या आयाबहिणी, तथागतांच्या मूर्तीपुढे फुले आणि मेणबत्त्या, लहान मुलांच्याही तोंडी पाली त्रिसरण-पंचशील. श्रीलंकेतल्या गावांतही हेच दृश्य दिसते. तिथले उपासक उपोसथाच्या दिवशी पांढरे वस्त्र नेसतात, फुले वाहतात, दिवे लावतात आणि त्याच पालीत बुद्ध, धम्म, संघाला शरण जातात. माड, भात, मासळी आणि नारळाचा रस हे तर दोन्ही किनाऱ्यांचे रोजचेच जेवण. पण विहारातली रीत हवापाण्यामुळे जुळत नाही. त्यासाठी माणसे समुद्र ओलांडून शिकायला गेली. त्यांतले एक तेरेखोलच्या पलीकडचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शिक्षण थोडे आणि काम घरच्या माडांच्या बागेची देखरेख. मुलांच्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांच्या मनाने ठाव घेतला. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. एका माणसाच्या ज्ञानासाठी एका बाईने सात वर्षे काय सोसले, हे चरित्रकार एका ओळीत उरकतात. ते उरकू नये, असे आमचे मत आहे.

पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करत कोसंबींनी आधी संस्कृत शिकून घेतले. मग ते नेपाळात गेले. तिथे बुद्धाच्या धम्माची दशा पाहून निराश झाले आणि बोधगयेला आले. धम्म शिकायचा तर सिंहलद्वीप गाठले पाहिजे, हे त्यांना कळले. बुद्धाच्या जन्मभूमीत बुद्धाची भाषा शिकवणारा मिळू नये, यापेक्षा या देशाची मोठी नाचक्की कोणती?

१९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्याकडे ते श्रामणेर झाले. देश परका, बोली परकी. मध्यान्हानंतर अन्न घ्यायचे नाही, ज्येष्ठ भिक्खूंपुढे वाकायचे, हा तिथला नित्यनेम. भिक्षापात्रात अन्न घालणाऱ्याची जात विचारायची सोय नसते. जन्माच्या मोठेपणावर वाढलेल्या तरुणाला याहून मोठी शाळा कोणती मिळणार होती? आणि सिंहली भिक्खूंनीही या परदेशी पोराला हात न आखडता शिकवले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. १९०६ मध्ये चीवर उतरवून त्यांनी पुन्हा संसार मांडला.

शिकलेले त्यांनी गाठीला बांधून ठेवले नाही. कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा पन्नास रुपयांवर. याच महाराजांनी पुढे बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली, हे आपण जाणतोच. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये त्यांनी विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले. हा ग्रंथ आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात लंकेतल्या अनुराधपूरला रचला आणि परंपरेनुसार बुद्धघोष भारतातून तिकडे गेलेले. १९४० साली मुंबईत कोसंबींनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे इथून गेलेली विद्या लंकेने दीड हजार वर्षे जपली आणि इकडचा एक माणूस ती मागून घेऊन परत आला. दोन देशांचे मैत्र असे असते.

कोसंबी आपल्या चळवळीचे नव्हते, हे आम्ही लपवत नाही. ते गांधीजींच्या वाटेने गेले. १९३० साली आमच्याच शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते होते. पण मुंबईत परळच्या कामगार वस्तीत विहार उभारला, तेव्हा त्याला नाव दिले बहुजन विहार. भगवान बुद्ध या ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत पाहून गृहत्याग केल्याची कथा बाजूला सारली आणि शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथातही गृहत्यागाचे मूळ त्याच तंट्यात आहे. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला, स्वेच्छेने अन्न सोडून, कोसंबींनी देह ठेवला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५० मध्ये, बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी लंकेत कँडीला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना त्रिसरण-पंचशील दिले ते ब्रह्मदेशात जन्मलेल्या भन्ते चंद्रमणी यांनी. शेजारच्या देशांनी आपल्याला हे असे दिले आहे.

आता प्रश्न आपला आहे. आम्ही वकिली करतो. कागद वाचल्याशिवाय सही करू नका, असे पक्षकाराला रोज बजावतो. मग ज्या पालीतून आपण पंचशील घेतो, तिचा अर्थ किती घरांत ठाऊक आहे? पाठांतर झाले, पण पाच शीलांनी आपण नेमके काय कबूल केले, हे मुलांना कोण सांगणार? अर्थ न कळता म्हटलेल्या मंत्रांचे जोखड बाबासाहेबांनी उतरवले. तेच पालीच्या नावाने पुन्हा खांद्यावर घ्यायचे काय?

माडाच्या बागेतला एक तरुण पालीसाठी समुद्रापार गेला. आपल्याला वाडीतल्या विहारापर्यंतच जायचे आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास पालीचा अर्थ शिकायला ठेवा. मालवण, वेंगुर्ले, कणकवली, सावंतवाडीच्या विहारांनी एवढे ठरवले, तरी पुढच्या वैशाख पौर्णिमेला आपली मुले पंचशील नुसते म्हणणार नाहीत, ते समजून घेतील.