विश्लेषण : शुद्धलेखनात अडलेला मुलगा आणि क्लिनिकल सायकॉलॉजीचा जन्म… कोण होते लाइटनर विटमर?

मानसशास्त्रात एम.ए. केले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येते का? पदव्युत्तर निकाल लागले की हा प्रश्न दरवर्षी अनेक घरांत विचारला जातो. याचे थेट उत्तर नकारार्थी आहे. एम.ए.नंतरही अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करून शिकावे लागते. आधीच दोन वर्षे घालवलेल्या विद्यार्थ्याला ही अट जाचक वाटते.

ही अट कुठून आली हे शोधत गेलो की सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पोहोचतो. तिथल्या एका तरुण प्राध्यापकाने मानसशास्त्र प्रयोगशाळेबाहेर काढले, त्याला क्लिनिकल सायकॉलॉजी हे नाव दिले आणि हे काम माणसासमोर बसूनच शिकता येते, असा आग्रह धरला. त्यांचे नाव लाइटनर विटमर. 

विटमर कोण होते?

विटमर यांचा जन्म २८ जून १८६७ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील औषधांच्या व्यवसायात होते. १८८८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर विटमर यांनी शहरातील रग्बी अकादमी या शाळेत दोन वर्षे शिकवले. मानसशास्त्रज्ञ होण्याचा विचार तेव्हा त्यांच्या मनात नव्हता. 

याच शाळेत त्यांना एक विद्यार्थी भेटला. मुलगा हुशार, कॉलेजात जाण्याची इच्छा असलेला, पण इंग्रजीत सतत मागे पडणारा. शब्दांचे शेवटचे आवाज त्याला नीट वेगळे करता येत नव्हते, त्यामुळे लिहिताना शब्दांची टोके गळत. विटमर यांनी त्याची वेगळी शिकवणी घेतली. तो पुढे विद्यापीठापर्यंत पोहोचला. लहानपणीच कुणी लक्ष दिले असते तर या मुलाची बरीच फरफट टळली असती, ही खंत विटमर यांच्या मनात राहिली. 

लाइपझिगमध्ये काय शिकले?

शाळेत शिकवतानाच विटमर विद्यापीठात पुढचे शिक्षण घेऊ लागले. तिथे जेम्स मॅकीन कॅटेल यांच्यामुळे ते प्रायोगिक मानसशास्त्राकडे वळले. कॅटेल १८९१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि विटमर जर्मनीत लाइपझिगला. तिथे विल्हेम वुंट यांची प्रयोगशाळा होती. मानसशास्त्राला तत्त्वज्ञानापासून वेगळे काढून विज्ञान म्हणून उभे करणारी ही जागा. जगभरातले विद्यार्थी तिथे येत.

विटमर यांनी प्रबंधासाठी आकृत्यांच्या प्रमाणबद्धतेतील सौंदर्याचा विषय हाताळला. लांबी-रुंदीचे कोणते प्रमाण डोळ्यांना सुखावते, हे त्यांनी मोजून पाहिले. काटेकोर मोजमापाची शिस्त त्यांना लाइपझिगमध्ये मिळाली. अडचणीत सापडलेल्या माणसाला मदत कशी करायची, हे मात्र तिथल्या अभ्यासक्रमात नव्हते. १८९२ मध्ये परतून त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगशाळेची जबाबदारी घेतली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संस्थापक सदस्यांत त्यांचे नाव आहे. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

मार्च १८९६ मध्ये नेमके काय झाले?

विटमर यांच्या वर्गाला शाळांतील शिक्षकही बसत. त्यात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांच्या शाळेत १४ वर्षांचा एक मुलगा होता. बोलण्यात, विचार करण्यात तो चांगला होता. वाचन आणि शुद्धलेखन मात्र त्याला काही केल्या जमत नव्हते. मॅग्वायर यांनी हे प्रकरण थेट प्राध्यापकांसमोर ठेवले. मानसशास्त्र हे मनाचे विज्ञान असेल, तर या मुलाचे नेमके कुठे अडते आहे हे त्या विज्ञानाला सांगता यायला हवे, असा त्यांचा रोख होता.

विटमर यांच्याकडे याचे तयार उत्तर नव्हते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते नव्हते. त्यांनी मुलाला बोलावून तपासले. नजरेत दोष आढळला, चष्मा दिला गेला. पण चष्म्याने सगळा प्रश्न सुटला नाही. डोळ्यांनी पाहिलेला शब्द त्याच्या स्मरणात टिकत नव्हता. मग वेगळ्या पद्धतीने वाचन शिकवणे सुरू झाले. सुमारे वर्षभराच्या मेहनतीनंतर अक्षर अक्षर न जुळवता तो शब्द ओळखू लागला. सफाईदार वाचन मात्र त्याला जमले नाही. पुढे तरुण वयातच क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

म्हणजे या शाखेची पहिली केस पूर्ण यशाची नव्हती. तरीही ढ म्हणून बाजूला टाकलेल्या मुलाच्या अडचणीचे कारण शोधता येते आणि काही प्रमाणात तरी त्यावर उपाय करता येतो, हे तिने दाखवून दिले. पाठोपाठ आणखी मुले येऊ लागली. आठवड्यातले काही तास त्यांच्यासाठी राखून ठेवले गेले. जगातील पहिले सायकॉलॉजिकल क्लिनिक म्हणून ओळखली जाते, ती हीच जागा.

सहकाऱ्यांनी स्वागत केले का?

फारसे नाही. डिसेंबर १८९६ मध्ये बोस्टन येथील असोसिएशनच्या बैठकीत विटमर यांनी आपली योजना मांडली. मुलांची तपासणी करणारे क्लिनिक, त्याला जोडलेली प्रशिक्षण शाळा, शिक्षक व डॉक्टरांसाठी प्रात्यक्षिके आणि एका नव्या व्यवसायासाठी मानसशास्त्रज्ञ घडवणे, असा तिचा आराखडा होता. सभागृहातील काही ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या, त्यापलीकडे प्रतिसाद मिळाला नाही, अशी आठवण पुढे नोंदवली गेली. मानसशास्त्राला विज्ञान म्हणून मान्यता मिळवून देण्याच्या धडपडीत असलेल्या त्या पिढीला हे व्यावहारिक काम गौण वाटत होते.

विटमर थांबले नाहीत. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी चार आठवड्यांचा वर्ग घेतला. १९०७ मध्ये द सायकॉलॉजिकल क्लिनिक हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच्या पहिल्याच लेखात नव्या शाखेला क्लिनिकल सायकॉलॉजी हे नाव दिले. क्लिनिकल हा शब्द वैद्यकशास्त्रातून घेतल्याचे त्यांनी स्पष्ट केले. मूळ अर्थ रुग्णाच्या खाटेजवळचा. विटमर यांना त्यातील पद्धत हवी होती. एकेका व्यक्तीची बारकाईने तपासणी करायची, तिच्यासाठी उपाय करायचा आणि त्याचा परिणाम तपासत राहायचे.

प्रशिक्षण कसे होते?

विटमर यांच्या क्लिनिकमध्ये आलेल्या मुलाची आधी वैद्यकीय तपासणी होई. ऐकू कमी येते का, दिसते का, प्रकृती कशी आहे, हे पाहिले जाई. मग मानसशास्त्रीय तपासणी. समाजसेवक मुलाच्या घरची, शाळेची माहिती आणत. हे सगळे एकत्र ठेवून निष्कर्ष काढला जाई. आज रुग्णालयांत अनेक तज्ज्ञ मिळून एका रुग्णाचा विचार करतात, त्याचे हे आधीचे रूप. 

विद्यार्थ्यांसाठी विटमर त्यांच्यासमोरच मुलांची तपासणी करत. एका फळीवरील खाचांत योग्य आकाराचे ठोकळे बसवायला ते मुलाला देत. किती वेळ लागला याची नोंद होईच, पण मूल चुकल्यावर काय करते, तोच ठोकळा त्याच खाचेत पुन्हा दाबत राहते की दुसरी जागा शोधते, याकडे त्यांचे जास्त लक्ष असे. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग बरोबर आले की काम संपते. इथे रीडिंगनंतर खरे काम सुरू होई. मुलाला काहीतरी शिकवून पाहायचे आणि ते कसे शिकते यावरून निदान पक्के करायचे, ही त्यांची पद्धत होती.

बुद्ध्यांकाला त्यांचा विरोध का होता?

याच काळात फ्रान्समधील बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या अमेरिकेत आल्या आणि झपाट्याने पसरल्या. एक चाचणी, एक आकडा आणि मुलाचे भवितव्य ठरले, असे प्रकार होऊ लागले. विटमर स्वतः चाचण्या वापरत, पण केवळ आकड्यावर निदान करण्याला त्यांचा विरोध होता.

१९२० मध्ये त्यांनी डॉन या नावाने प्रसिद्ध केलेली केस इथे महत्त्वाची ठरते. दोन वर्षे सात महिन्यांच्या या मुलाला घेऊन पालक आले, तेव्हा तो बोलत नव्हता, कुणाकडे लक्ष देत नव्हता. याच्यासाठी काही करता येणार नाही, असेच सुरुवातीला खुद्द विटमर यांनाही वाटले होते. तरीही त्यांनी नाइलाजाने त्याला आपल्या निवासी शाळेत घेतले. मुलाच्या वागण्यामागे तीव्र भीती आहे, असा निष्कर्ष पुढे त्यांनी काढला. काही वर्षे धीराने शिकवल्यानंतर सातव्या वर्षी डॉन त्याच्या वयाच्या इतर मुलांसारखा झाला होता, अशी नोंद त्यांनी केली. पहिल्या भेटीतल्या मतावर शिक्का मारून फाइल बंद केली असती, तर डॉनचे काय झाले असते?

मग विटमर विस्मरणात का गेले?

एक कारण त्यांचा स्वभाव. विल्यम जेम्स यांच्यासारख्या दिग्गजावर त्यांनी जाहीर आणि बोचरी टीका केली. त्यातून अनेक जण दुरावले. पण हाच स्वभाव १९१५ मध्ये वेगळ्या रूपात दिसला. बालमजुरीविरोधात बोलणारे अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट निअरिंग यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढून टाकले, तेव्हा विटमर यांनी निअरिंग यांच्या बाजूने पुस्तक लिहिले. आपण ज्या विद्यापीठात नोकरी करतो, त्याच्याच निर्णयाविरोधात.

दुसरे कारण म्हणजे शाखेनेच वाट बदलली. विटमर यांचे काम मुख्यतः शाळकरी मुलांच्या शिकण्याच्या अडचणींभोवती होते. पुढे फ्रॉइड यांच्या विचारांचा प्रभाव वाढला, प्रौढांचे मानसिक आजार केंद्रस्थानी आले. विटमर या प्रवाहापासून दूर राहिले. १९३७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ जुलै १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रशिक्षणाचे नियम कधी ठरले?

विटमर यांनी नव्या व्यवसायाची कल्पना मांडली, पण देशभर लागू होईल असा अभ्यासक्रम त्यांच्या हातून उभा राहिला नाही. ते काम दुसऱ्या महायुद्धाने करून घेतले. मानसिक जखमा घेऊन परतलेल्या सैनिकांची संख्या मोठी होती आणि प्रशिक्षित तज्ज्ञ अपुरे होते. १९४७ मध्ये डेव्हिड शॅको यांच्या समितीने प्रशिक्षणाचा आराखडा दिला. १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथील परिषदेत तो स्वीकारला गेला. डॉक्टरेट, संशोधनाचे शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप, असे त्याचे स्वरूप होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने वैज्ञानिकही असावे आणि उपचारकही, हे त्यामागचे सूत्र. लाइपझिगची मोजमापाची शिस्त आणि फिलाडेल्फियाचे क्लिनिक विटमर यांनी स्वतःच्या कामात एकत्र आणले होते. बोल्डरने तीच जोडी अभ्यासक्रमात बसवली.

भारतात आज काय नियम आहे?

भारतात १९५५ मध्ये बंगळुरूच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, या विषयाचे औपचारिक प्रशिक्षण सुरू झाले. आता भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा आणि त्यातील देखरेखीखालील क्लिनिकल प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केल्याने हा मार्ग बदलाच्या टप्प्यावर आहे. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित अभ्यासक्रम आणि संस्था आरसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे तपासून घ्यावे. नुसत्या एम.ए.वर किंवा ऑनलाइन प्रमाणपत्रावर ही ओळख लावता येत नाही.

पदवीचे नाव उद्या बदलेल, वर्षे कमी-जास्त होतील. देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करण्याची अट मात्र टिकायला हवी. डॉनला पाहिल्यावर विटमर यांचाही पहिला अंदाज चुकला होता, आणि तेव्हा त्यांच्या गाठीशी वीसेक वर्षांचा अनुभव होता. नवशिक्याचा अंदाज तर चुकणारच. तो चुकतो तेव्हा शेजारी कुणीतरी जाणते असावे, एवढ्यासाठी ही दोन वर्षे आहेत.