रोग्याची भाषा शिकणारा डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस



कलबुर्गीहून रेल्वेत बसले की पुढचे मोठे शहर सोलापूर. तेथेच १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले.

१९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केले असताना आपल्या काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. त्यात डॉ. कोटणीस होते. तेथे औषधे अपुरी आणि भाषा सर्वस्वी परकी! दुखते कुठे, केव्हापासून, हे विचारल्याशिवाय रोग कसा कळणार? दुभाषी प्रत्येक वेळी जवळ असेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी चिनी भाषा शिकून घेतली. जखमी सैनिकांशी ते त्यांच्याच बोलीत बोलू लागले आणि पुढे तेथील वैद्यकीय शाळेत तरुणांना शिकवूही लागले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका को छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते चीनमध्येच वारले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचा नव्हता.

आजही वैद्यकीय विद्यार्थ्याला खाटेजवळ प्रथम हेच शिकवतात. आधी आपले नाव सांगावे, रोग्याची परवानगी घ्यावी, पडदा ओढावा. हात गार असतील तर चोळून ऊब आणावी. पोट तपासताना दुखरी जागा शेवटी चाचपावी आणि नजर रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवावी. तोंडाने न सांगितलेली वेदना तेथे दिसते. एवढे करूनही बोलणेच समजले नाही, तर निदान चुकू शकते.

आपल्या बीदर-कलबुर्गी भागात एकाच दवाखान्यात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे रोगी येतात. घाबरलेली आजी आपले दुखणे आपल्याच भाषेत सांगणार. तेव्हा डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलामुलींनी विज्ञानाबरोबर शेजाऱ्याची भाषाही मनापासून शिकावी. पालकांनीही भाषेच्या तासाला दुय्यम मानू नये. डॉ. कोटणीसांचे खरे स्मरण तेच होईल.