लाजाळू माणसाचा कॉन्फिडन्स

ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडायच्या आधीच पोटात गोळा येतो? वर्गात उत्तर येत असतं पण हात वर होत नाही, आणि तेच उत्तर शेजारच्याने दिलं की स्वतःचाच राग येतो? मग हे वाचाच.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय. आधी कॉन्फिडन्स यायला हवा, मग आपण काहीतरी सुरू करू. त्यासाठी कुणी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावतं, कुणी आरशासमोर प्रॅक्टिस करतं, तर कुणी नुसतीच वाट बघतं. वाट बघणाऱ्यांची संख्या सगळ्यात जास्त! आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांनी अशी वाट बघितली असती तर त्यांचं नाव आपल्याला कळलंही नसतं. पुण्यात असाल तर त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून तुम्ही रोज गाडी दामटत असाल. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, सगळ्यांचे अण्णा.

भारतरत्न, एका विद्यापीठाचे संस्थापक, १०४ वर्षांचं आयुष्य, एवढं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण हा माणूस स्वभावाने कमालीचा बुजरा होता, हे त्या चार ओळींत राहूनच जातं.

११० मैल चालून मिळाला नकार

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. बालपण गेलं दापोलीजवळच्या मुरूडला. घरची परिस्थिती बेताची, अंगकाठी किरकोळ आणि चार लोकांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. गावात सोमण नावाचे एक गुरुजी होते. त्यांच्या सांगण्यावरून छोटा धोंडो देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचा. स्वतःचं काही बोलायचं नाही, फक्त समोर छापलेलं वाचायचं. लाजऱ्या मुलाला यापेक्षा सोपी पहिली पायरी कुठली मिळणार?

१८७५ साल. धोंडोला सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झालं की नोकरीची दारं उघडायची. पावसाळ्याचे दिवस, कोकणातल्या बोटी बंद. मग ही पोरं चालतच साताऱ्याला निघाली. धो धो पाऊस, कुंभार्ली घाट, जंगलातली वाट आणि सुमारे ११० मैलांचं अंतर. म्हणजे आजच्या हिशेबात १७५ किलोमीटरच्या वर!

कसेबसे पोहोचले. परीक्षेला बसायला वय १७ पूर्ण हवं होतं. धोंडोचं वय बसत होतं, तसा दाखलाही जवळ होता. पण परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्या किरकोळ पोराकडे पाहिलं आणि हा काही १७ वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. विषय संपला.

आता जरा स्वतःला तिथे उभं करून बघा. तुमची तयारी आहे, कागदपत्रं आहेत आणि तुम्ही नुसते 'दिसत नाही' म्हणून बाद! दिसण्यावरून, उच्चारावरून किंवा कॉलेजच्या नावावरून कुणी आपल्याला मोजलं की काय वाटतं, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. धोंडोलाही वाईट वाटलंच. तो घरी परतला, पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन परीक्षेला बसला आणि पास झाला.

'गॅप' पडली, बिघडलं काय?

आपल्याकडे एक वर्ष 'ड्रॉप' गेलं तरी घरात सुतक असतं. अण्णा मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले १८८४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी. विषय गणित. शिकवण्या करायच्या, शाळांमध्ये शिकवायचं, त्यातून घर चालवायचं, असा हा सगळा प्रवास.

१८९१ हे वर्ष मात्र अण्णांसाठी विचित्र ठरलं. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई गेल्या आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांकडून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावणं आलं. तिथे गणित शिकवणारे लोकमान्य टिळक नुकतेच संस्थेतून बाहेर पडले होते. अशा माणसाच्या मागून त्या वर्गात उभं राहायचं म्हणजे कुणालाही दडपण यावं. अण्णा गेले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. गणिताच्या तासाला जोरदार भाषण लागत नाही. विषय नीट माहीत हवा आणि समोरच्याला कळेपर्यंत पुन्हा सांगायची तयारी हवी. ती अण्णांकडे भरपूर होती.

गप्प माणूस, पण ठाम

लाजाळू माणूस म्हणजे डरपोक, असं आपण सरसकट धरून चालतो. अण्णांच्या आयुष्यातलं १८९३ साल यासाठीच बघायला हवं. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. त्या काळात विधुर पुरुष खुशाल लहान कुमारिकेशी लग्न करायचे आणि विधवा मुलीचं मात्र केशवपन करून तिला घराच्या कोपऱ्यात ढकललं जायचं. अण्णांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

मुरूडच्या लोकांनी अण्णांवर बहिष्कार टाकला. त्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकू, असा धाक घातला. म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच आईच्या घरी जायची चोरी. अण्णांनी यावर आरडाओरडा केला नाही आणि निर्णयही बदलला नाही. स्टेजवर उभं राहून बोलण्याचा कॉन्फिडन्स एक असतो. सगळं गाव एका बाजूला असताना आपल्या निर्णयावर टिकून राहण्याचा कॉन्फिडन्स वेगळा. यातला कुठला अवघड, ते तुम्हीच ठरवा.

रोजची पायपीट

१८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला. पुण्यात प्लेगची साथ, त्यात लोकांचा विरोध. १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. आज जिथे कर्वेनगर आहे, तीच ही जागा. तेव्हा तिथे होती फक्त एक झोपडी आणि मोजक्या विधवा मुली. रस्ता धड नव्हता, वाहनाचं तर नावच नको. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे, संध्याकाळी हिंगण्यापर्यंत चालत जायचे, तिथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा चालत पुण्यात यायचे. पावसाळ्यातला चिखल धरून हा क्रम बरीच वर्षं चालला.

पण चालणं परवडलं. खरी परीक्षा होती पैसे मागण्याची. लाजाळू माणसासाठी याहून कठीण काम नसेल. आपल्याला ओळखीच्या सिनियरला रेफरन्ससाठी मेसेज करायचा तरी दहा वेळा टाइप करून डिलीट करतो. अण्णांना अनोळखी माणसाच्या दारात जाऊन, ज्या कामाला समाज नावं ठेवतो त्यासाठी पैसे मागायचे होते. कुणी चार आणे द्यायचं, कुणी दार लावून घ्यायचं. अण्णा मिळालेल्या प्रत्येक रकमेचा चोख हिशेब ठेवायचे. हे बोलघेवडे नाहीत, पण यांच्याकडे दिलेला पैसा योग्य ठिकाणीच जातो, हे हळूहळू लोकांना कळत गेलं. त्यांच्या कमी बोलण्याची भरपाई त्यांच्या वहीने केली, असं म्हणा ना.

या सगळ्याची किंमत एकट्या अण्णांनी मोजली असंही नाही. ते स्वतःजवळचा पैसाही आश्रमात घालत गेले, तेव्हा घरातली ओढाताण बायांनी निभावली. त्यांची बाजू कळायला हवी असेल तर 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मचरित्र आवर्जून वाचा.

आणखी एक नाव लक्षात ठेवा, पार्वतीबाई आठवले. बायांची ही बहीणही विधवा होती. आश्रमात आली, शिकली, शिक्षिका झाली, मग आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागली. १९१८ मध्ये या बाई जुजबी इंग्रजीच्या जोरावर थेट अमेरिकेला गेल्या! तिथे लोकांच्या घरी कामं करत त्यांनी भाषा शिकून घेतली. एका बुजऱ्या माणसाने उभ्या केलेल्या झोपडीतून असा धीट माणूस बाहेर पडला.

५८ व्या वर्षी स्टार्टअप

१९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. आता आराम करायला हरकत नव्हती. पण त्यांच्या हातात टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. १९१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते अण्णा. देवळात दुसऱ्याने लिहिलेलं वाचणारा मुलगा आता अध्यक्षपदावरून भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडत होता.

१९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. अण्णांचं वय तेव्हा ५८ आणि पहिल्या वर्गातल्या विद्यार्थिनी किती? पाच! पहिले कुलपती झाले डॉ. रा. गो. भांडारकर आणि कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाला नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. हेच आपलं एसएनडीटी.

७१ व्या वर्षी परदेश दौरा

१९२९ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी अण्णा बोटीने युरोपला निघाले. तिथून अमेरिका, जपान. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर बोलले. या प्रवासात त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांचीही भेट घेतली. परत येऊन फार दिवस झाले नाहीत तोच आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. हेतू तोच, लोकांना काम सांगायचं आणि मदत मागायची.

एवढ्यावरही थांबले नाहीत. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवीन मंडळ काढलं. त्या वयातही ते पायी फिरून वर्गणी गोळा करायचे. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभरी गाठली त्या वर्षी, भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले.

आपण यातून काय घ्यायचं?

अण्णा पुढे फर्डे वक्ते झाले का? तर नाही. त्यांचा स्वभाव शेवटपर्यंत तसाच शांत, भिडस्त राहिला. त्यांनी स्वभाव बदलण्यात आयुष्य घालवलं नाही. जे काम करायचं होतं त्यासाठी जे जे शिकायला लागलं, ते शिकत गेले. लोकांसमोर वाचणं, वर्गात शिकवणं, हिशेब ठेवणं, मागणं, नकार ऐकणं, परदेशात जाऊन आपलं म्हणणं मांडणं. आज ज्याला आपण कम्युनिकेशन, फायनान्स, नेटवर्किंग म्हणतो, ते सगळं यात आलंच की. फरक एवढाच की सर्टिफिकेट नव्हतं आणि शिकायला साठेक वर्षं लागली.

तेव्हा तुम्ही लाजाळू असाल तर आधी तो 'प्रॉब्लेम' सोडवायच्या मागे लागू नका. तुमच्याकडे करण्यासारखं एखादं काम आहे का, ते बघा. कॉलेजच्या मॅगझिनचं असेल, एनएसएसचं असेल, घराजवळच्या मुलांना गणित शिकवायचं असेल. भाषण जमत नसेल तर आधी वाचून दाखवा. शंभर जणांसमोर पाय लटपटत असतील तर पाच जणांसमोर उभे राहा, अण्णांच्या विद्यापीठाची सुरुवातही पाचांपासूनच झाली होती. कुणाला काही विचारायचं असेल तर तो डिलीट केलेला मेसेज पुन्हा टाइप करा आणि या वेळी पाठवून टाका. नकार आला तर पुढच्या वर्षी कोल्हापूर आहेच!

आणि कधी कर्वेनगरला गेलात तर हिंगण्याच्या त्या आवारात जरूर डोकवा. जिथे एक झोपडी होती, तिथे आज हजारो मुली शिकतात, अगदी इंजिनीअरिंगसुद्धा. संध्याकाळी त्यांच्या गाड्यांची तिथे एवढी गर्दी असते की चालायला जागा मिळत नाही.