मधले नाव

वैद्यकाच्या पुस्तकांत ‘ब्लॅलॉक-टॉसिग’ नावाची शस्त्रक्रिया कित्येक दशके छापली गेली. अलीकडे त्या जोडनावात मधोमध आणखी एक नाव आले आहे : थॉमस. हे थॉमस डॉक्टर नव्हते.

व्हिव्हिअन थॉमस यांचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला. कृष्णवर्णीय सुताराचा हा मुलगा नॅशव्हिलमध्ये वाढला, रंधा-पटाशी शिकला आणि डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवू लागला. मंदीत काम गेले, म्हणून १९३० साली ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. त्याच वर्षी बँक बुडाली आणि शिक्षणाची पुंजी गेली. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. लहान ठेवीदाराच्या पासबुकात कशाकशाचे बेत जमा असतात, हे मला ठाऊक आहे. थॉमस प्रयोगशाळेतच राहिले. काम संशोधनाचे, हुद्दा आणि पगार मात्र सफाई कामगाराचा.

१९४१ मध्ये ब्लॅलॉक त्यांना घेऊन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला आले. तिथे डॉ. हेलन टॉसिग यांनी ‘निळ्या बाळांचा’ प्रश्न मांडला. या बाळांच्या हृदयातल्या पडद्याला जन्मतः भोक असते आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद असते. अशुद्ध रक्त भोकातून पलीकडे जाऊन तसेच अंगभर फिरते. ओठ, नखे निळी पडतात. उपाय ठरला तो शेतकऱ्याने पाटाचे पाणी वळवावे तसा. हाताकडे जाणारी धमनी कापून फुप्फुसाच्या धमनीला शिवायची, म्हणजे रक्ताला फुप्फुसाची आणखी एक फेरी मिळते. हाताचे काम आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर भागते.

खरी मेख मापात होती. वाट अरुंद राहिली तर बाळ निळेच राहणार. मोठी झाली तर फुप्फुसांत लोंढा येऊन हृदय थकणार. नळीचा व्यास निम्मा केला, तर त्याच दाबाला प्रवाह सुमारे सोळाव्या हिश्शावर येतो. सूतभर फरकाची किंमत सुताराला सांगावी लागत नाही. थॉमस यांनी कुत्र्यांमध्ये आधी तो दोष निर्माण केला, मग हा सांधा पुनःपुन्हा शिवून पाहिला.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलोच्या मुलीवर ब्लॅलॉक यांनी शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस टाक्यांची दिशा सांगत होते. ती मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर गेली. तिसऱ्या रुग्णाचे, एका मुलाचे, ओठ मात्र टेबलावरच गुलाबी झाले.

१९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर नावे दोनच होती. जगभरातून निळी बाळे बाल्टिमोरला येऊ लागली. थॉमस तरुण सर्जनांना हात कसा चालवावा हे शिकवत आणि पगार पुरत नसे म्हणून ब्लॅलॉक यांच्या मेजवान्यांत कधी कधी पेये वाढत. दिवसा ज्यांना शिकवले, त्यांचेच पेले संध्याकाळी भरायचे.

१९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि अध्यापकपदही. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले, १९८५ मध्ये वारले. आज धमनी न कापता साडेतीन-चार मिलिमीटरची कृत्रिम नळी बसवतात, आणि पुष्कळ बाळांचा दोष सरळ दुरुस्तच होतो. तरीही नळी निवडताना हिशेब तोच असतो : किती रक्त फुप्फुसाला, किती अंगाला.

आपल्याकडे मधले नाव वडिलांचे लावतात. या शस्त्रक्रियेला ते एका सुताराच्या मुलाचे लागले आहे, फार उशिरा.